वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरण्याआधी कशा निवडायच्या

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला एक मुलगा, माझ्या पुतण्याचा मित्र, न्यूझीलंडला साउथलंडमध्ये डेअरी फार्मवर नोकरीला आहे. तिथलं लायसन्स काढून त्यानं हरणाच्या शिकारीसाठी .३०८ विंचेस्टरची बोल्ट रायफल घेतली. क्लबातल्या एका म्हाताऱ्यानं वयापरत्वे नेमबाजी सोडली आणि आपलं सामान विकायला काढलं. त्यात याला वापरलेल्या पुंगळ्यांची, म्हणजे बार उडाल्यावर उरणाऱ्या काडतुसाच्या पितळी कवचांची, बादली स्वस्तात मिळाली. काही चेपलेल्या, काही हिरव्या पडलेल्या, आणि दोनचारांच्या बुडाजवळ चकचकीत कडं. फोटो पाठवून विचारतोय, "काका, यातल्या कुठल्या चालतील? चेपलेल्या सरळ होतात ना? आणि ते कडं काय आहे?"

अरे बाबा, फोटोवरून पुंगळी पास करता येत नाही. नापास मात्र करता येते, आणि कडं दिसणाऱ्या त्या दोनचार मी इथूनच नापास केल्या. बाकीचं काम तुलाच करायचं आहे. ते कसं करायचं ते सविस्तर लिहितो, म्हणजे तुझ्यासारख्या आणखी कुणाला लागलं तर उपयोगी पडेल. माझी नोकरी सरकारी दारूगोळा कारखान्यात पितळ तपासण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर लेकीकडे क्राइस्टचर्चला असताना तिथल्या क्लबात रीलोडिंगच्या, म्हणजे उडालेल्या पुंगळ्या पुन्हा भरायच्या, बेंचवर बसलोय. दोन्हीकडची दृष्टी वेगळी असते. कारखान्यात पुंगळी एकदाच उडणार असते. तुझ्याकडे ती आधीच उडालेली आहे, किती वेळा आणि कुणाच्या चेंबरमध्ये (रायफलीत काडतूस बसतं त्या जागेत) ते तुला माहीत नाही.

इथल्या वाचणाऱ्यांसाठी आधी एक गोष्ट. हे सगळं न्यूझीलंडचं चाललंय. तिथे लायसन्सवाल्याला स्वतःपुरती काडतुसं घरी भरता येतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे भागसुद्धा 'दारूगोळा' या शब्दात येतात. सत्तरी, सांगे, काणकोण भागात शेतीच्या राखणीसाठी परवान्याच्या बंदुका आहेत, निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्यासाठी हा लेख नाही. आणि तू चवथीला येशील तेव्हा आठवण म्हणून खिशात एखादी रिकामी पुंगळी घेऊन येऊ नकोस. मोपा विमानतळावर एक्स-रेमध्ये ती पितळेची नळी दिसली की घरी पोचायच्या आधी चौकीत बसून जबाब द्यावा लागेल.

आता पुंगळी. आपण तिचे भाग ओळखीच्या नावांनीच म्हणू. गोळी धरते ते तोंड, त्याखालची मान, मग उतरता खांदा, मग धड, आणि खाली जाड बूड. बुडाच्या मध्यभागी प्रायमरचा खळगा. तुझ्या आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीला बाहेरून केप लावायचे ना, तीच केप आता बुडात जाऊन बसली, तिला प्रायमर म्हणतात.

हे पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. पत्र्याची गोल चकती कापून आधी तिची वाटी करतात, मग ती वाटी साच्यातून ओढत ओढत लांबवतात. प्रत्येक ओढीला पितळ कडक होतं, म्हणून मध्ये मध्ये भट्टीत तापवून नरम करावं लागतं. शेवटी बूड ठोकून मुद्दाम कडक ठेवतात आणि मान तापवून मुद्दाम नरम ठेवतात. लष्करी पुंगळीच्या मानेवर जांभळट-तपकिरी झाक दिसते ती या शेवटच्या तापवण्याची. बाजारू मालावर ती घासून काढलेली असते, एवढाच फरक. ती झाक बघून पुष्कळ जण "जळलेली आहे" म्हणून चांगला माल टाकतात.

बूड कडक, मान नरम, हे नीट लक्षात ठेव. पुढचं सगळं यावरूनच कळतं. बार उडाला की .३०८ मध्ये दाब ६२,००० पीएसआयपर्यंत (चौरस इंचाला इतके पौंड) जाऊ शकतो. त्या क्षणी पातळ मान आणि धड फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतात आणि वायूला मागे यायची वाट बंद करतात. दाब उतरला की पितळ थोडं आत येतं, म्हणून बोल्ट, म्हणजे काडतुसाला मागून बंद करणारा सरकता दांडा, ओढल्यावर पुंगळी सुटते. बूड मात्र भिंतीला चिकटत नाही, ते मागे सरकून बोल्टवर आदळतं. पुढचा भाग धरून ठेवलेला, मागचा ओढलेला, मग ताण येतो तो दोघांच्या मधल्या जागेवर. जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते ती ही जागा. तुझं चकचकीत कडं नेमकं तिथे आहे.

पण त्यावर येण्याआधी बादली रिकामी कर, आणि लगेच धुवायला घेऊ नकोस. सगळे जण आधी टंबलरमध्ये (पुंगळ्या घुसळून घासणाऱ्या यंत्रात) टाकून सोन्यासारखी चकाकी आणतात आणि मग तपासायला बसतात. माझं मत उलटं आहे. पहिली नजर मळक्या पुंगळीवरच टाकायची, कारण काजळी बोलते. प्रायमरच्या कडेभोवती काळं वर्तुळ असेल तर तिथून वायू गळला. खांद्याच्या खालपर्यंत एका बाजूनं काजळी उतरली असेल तर ती पुंगळी चेंबरमध्ये नीट फुगली नाही, किंवा भार, म्हणजे आतल्या दारूचं माप, हलका होता. धडावर उभ्या समांतर रेघा असतील तर ती खाचा असलेल्या चेंबरच्या लष्करी धर्तीच्या रायफलीतून आलेली आहे. त्या रायफली पुंगळी जोरात फेकतात, तिला ठेचही बसलेली असते. हे सगळं धुतल्यावर निघून जातं.

जमिनीवर जुनी चादर पसर, हातात रबरी मोजे घाल, आणि एक एक उचल. मोजे नाटकी वाटतील, पण प्रायमरच्या राखेत शिसं असतं. ती राख बादलीच्या तळाशी धुळीसारखी साठते. स्वयंपाकघरात हे काम करायचं नाही, लहान मूल आसपास नको, चहा बाजूला नको, आणि संपल्यावर हात साबणानं धुवायचे. कोरड्या टंबलरचं झाकण घरात उघडायचं नाही. मी स्वतः पाण्यात धुण्याच्या बाजूचा आहे, त्याचं निम्मं कारण ही धूळ.

या पहिल्या फेरीत आधी भलत्याच गोष्टी बाहेर काढायच्या. न उडालेलं एखादं जिवंत काडतूस, किंवा रिकाम्या पुंगळीत बसलेला पण न फुटलेला प्रायमर. प्रायमरवर पिनचा खड्डा नसेल तर तो जिवंत समज, वेगळा ठेव, आणि क्लबातल्या जाणत्याला दाखव. तो ठोकून काढायच्या भानगडीत पडू नकोस. आत माती, खडा, किंवा .२२ ची बारीक पुंगळी अडकलेली असते, म्हणून प्रत्येकीच्या तोंडातून उजेडात आत बघ. लोहचुंबक फिरव. चिकटली ती आतून पोलादाची, वरून पितळेचा मुलामा दिलेली, ती भरायची नाही.

मग बुडावरचा शिक्का वाच. .३०८ च्या घराण्यात भावंडं बरीच. .२४३ विंचेस्टर, ७ मिमी-०८, .२६० रेमिंग्टन, सगळ्यांची बुडं सारखीच, १२ मिमीच्या आसपास व्यासाची. जुन्या बादलीत ती हमखास मिसळलेली असतात. मान बघून ओळखू येतात असं वाटतं, पण संध्याकाळी दमलेल्या डोळ्यांनी दोनशेवी पुंगळी बघताना येत नाहीत. शिक्का वाचायचा. बॉक्सर पद्धतीच्या पुंगळीत आत मध्यभागी एकच भोक असतं, बर्डन पद्धतीत दोन बारीक भोकं असतात. उडालेली पुंगळी आवळून पुन्हा मापात आणायचा जो साचा तू वापरणार, त्याची प्रायमर काढणारी पिन दुसरीत मोडेल, ती बाजूला. आणि ७.६२ नाटोची लष्करी पुंगळी बाहेरून .३०८ सारखीच असली तरी बरेचदा भिंत जाड असते, म्हणजे आत जागा कमी. तोच भार जागा कमी असलेल्या पुंगळीत टाकलास तर दाब चढतो. म्हणून एका शिक्क्याच्या एकत्र, दुसऱ्याच्या वेगळ्या. प्रत्येक गटासाठी छापील पुस्तकातल्या सुरुवातीच्या भारापासूनच वर यायचं. लष्करी पुंगळीत प्रायमरभोवती ठोकून घट्ट केलेली कड असते, ती साफ केल्याशिवाय नवीन प्रायमर बसत नाही. ते व्यंग नव्हे, नुसतं जास्तीचं काम.

आता धुवायला हरकत नाही. कशानं धुवायचं हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण विचारायला हवा होतास. आपल्या घरी चवथीला समई, तबक, घंगाळ चिंचेनं नाहीतर आमसुलाच्या पाण्यानं घासतात ना, ती पद्धत रसायनाच्या दृष्टीनं चुकीची नाही. सौम्य आम्ल वरची काळपट झाक उचलतं. रीलोडर सायट्रिक ॲसिडची चिमूट कोमट पाण्यात वापरतात, तेच तत्त्व. जास्त वेळ ठेवलंस तर पितळ गुलाबी पडेल, म्हणजे वरच्या थरातलं जस्त निघून तांबं उरलं. पटकन काढायचं आणि भरपूर पाण्यानं खळबळून वाळवायचं. जे अजिबात वापरायचं नाही ते म्हणजे अमोनिया असलेलं पॉलिश.

त्यामागची गोष्ट आपल्याच देशातली आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसं इथे पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली असायची, आणि न उडवताच त्यांच्या पुंगळ्यांना उभे तडे जायचे. त्याला इंग्रजीत 'सीझन क्रॅकिंग' नाव पडलं. कारण कळलं १९२१ साली: घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया, हवेतली ओल, आणि पितळ ओढताना त्याच्या आत राहून गेलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ बाहेरून हात न लावता चिरतं. यातली एक जरी गोष्ट काढून घेतली तरी तडा जात नाही. म्हणून कारखान्यात पुंगळी शेवटी मंद तापवून तो ताण काढतात. तुझ्या वापरलेल्या पुंगळीत उडून आणि साच्यातून जाऊन ताण पुन्हा साठलेला असतो, आणि साउथलंडमध्ये ओल काही कमी नाही. त्यात तू डेअरी फार्मवर. गोठ्याच्या आतल्या खोलीत, युरियाच्या पोत्यांशेजारी किंवा शेण-मुताचा वास येतो तिथे पितळ ठेवू नकोस. डबा घट्ट झाकणाचा, राहत्या घरात.

हिरव्या पडलेल्यांचं उत्तर इथेच देतो. नुसता तपकिरी डाग असेल तर ते पितळाचं वय, त्यानं काही होत नाही. हिरवी बुरशीसारखी पूड असेल तर घासून बघ. खाली गुळगुळीत असेल तर पास, नखाला खड्डे लागले तर नापास. खड्ड्याच्या तळाशी गुलाबी ठिपका असेल तर त्या जागी जस्त निघून गेलंय आणि धातू स्पंजासारखा झालाय. कितीही चकाकवलंस तरी ती पुंगळी आतून परत भरून येत नाही.

धुतलेल्या पुंगळ्या वाळल्या की मूठभर घेऊन टॉवेलवर हलक्या हातानं खुळखुळव. बाजारात मडकं घेताना टिचकी मारतो तसंच हे, धड असेल ते खणखणीत वाजतं, चिरलेलं बद्द. कान तयार व्हायला थोडा वेळ लागतो, पण मानेची केसाएवढी चीर डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळते. आवाज बिघडला की त्या मुठीतल्या एकेक पुंगळीची मान उजेडासमोर फिरवून बघ.

मानेची चीर हा सगळ्यात नेहमीचा रोग, आणि सगळ्यात कमी धोक्याचा. मान प्रत्येक बाराला फुगते, साच्यात पुन्हा आवळली जाते, मग आतून गोळी ढकलून पुन्हा रुंदावते. या ये-जा करण्यानं पितळ कडक होत जातं आणि एके दिवशी तोंडापासून उभी चीर जाते. अशी पुंगळी टाकायची, डिंक-सोल्डर काही नाही. पण एकाच गटातल्या पाचसहांच्या माना चिरल्या असतील तर बाकीच्यांच्याही माना त्याच वयाच्या आहेत. त्यांना तापवून नरम करता येतं, आणि ते काम शिकल्याशिवाय करू नये. कारण उष्णता खाली उतरून बुडाला लागली तर कडक ठेवलेलं बूड नरम होतं, आणि ते परत कडक करायचा घरगुती उपाय जगात नाही. याच कारणानं आगीतून वाचलेल्या शेडमधल्या किंवा कचऱ्यासोबत जळलेल्या पुंगळ्या कुणी फुकट दिल्या तरी घ्यायच्या नाहीत.

चीर मानेवर न राहता खांद्यात उतरली असेल, किंवा धडावर स्वतंत्र उभी चीर असेल, तर ते वेगळं प्रकरण. धडाची भिंत फाटली म्हणजे दाबाखालचा वायू तिथून बाहेर पडला. अशी एक जरी सापडली तरी त्या शिक्क्याचा सगळा गट संशयात जातो.

आता चेप. तुला याचीच सगळ्यात जास्त काळजी, आणि खरं तर ही सगळ्यात कमी काळजीची गोष्ट. तोंड वाकडं झालंय, अंडाकृती झालंय, अशी पुंगळी साच्यातून गेली की गोल होते. फार वाकलं असेल तर आधी निमुळत्या दांड्यानं अलगद गोल कर, नाहीतर साच्याच्या काठावर अडकून चुरगळेल. धडावरची किंवा खांद्यावरची उथळ, गोलसर तळाची चेप पुढच्या बाराला चेंबरमध्ये आपोआप बाहेर येते. खांद्यावर साच्यात जास्त तेल साठून पडलेले छोटे खळगेही तसेच. नापास कुठली? जिच्या चेपेला धारदार घडी आहे. नख आडवं फिरव. नख घसरत गेलं तर चेप, अडकलं तर घडी. घडीत पितळ दुमडलेलं असतं, सरळ होताना तिथेच चिरतं. बुडाच्या जवळची कुठलीही चेप नापास, बोट ठेवावं इतकी बारीक असली तरी. तिथे चेप पडायला फार जोर लागतो, तेवढा जोर कुठून आला हे आपल्याला माहीत नाही.

बुडाच्या सपाट तोंडावर बघ. शिक्क्याच्या अक्षरांवर चकचकीत चंद्रकोर किंवा गोल ठसा उमटलाय का? बोल्टमध्ये पुंगळी बाहेर ढकलणारी पिन असते, तिच्या भोकात पितळ वाहत गेलं की असा ठसा उमटतो. बूड कडक असतं हे मघाशी सांगितलं. ते कडक बूड वाहिलं म्हणजे दाब हद्दीबाहेर गेला होता. नुसती चपट्या प्रायमरची खूण फसवी असते, प्रायमर नरम-कडक असतात. पण ठसा बोटाला लागण्याइतका उठला असेल आणि त्याच पुंगळीचा प्रायमर काढताना जवळजवळ गळून पडला, तर दोन साक्षीदार एकच बोलतायत. प्रायमरचा खळगा रुंदावला की परत आवळत नाही. खळगा मापण्यासाठी 'जातो-जात नाही' गेज मिळतो, स्वस्त असतो, घे. गेज नसेल तर नवीन प्रायमर हातानं चालवायच्या अवजारानं बसवताना जो विरोध जाणवतो त्यावर लक्ष ठेव. एरवी ठाम दाबून बसतो. एखादा लोण्यात बसावा तसा गेला तर ती पुंगळी बाद.

आणि आता ते कडं.

आधी फरक समजून घे, कारण बाहेरून कडं दिसणारी प्रत्येक पुंगळी वाईट नसते. साचा धडावरून जिथपर्यंत उतरतो तिथे एक चकचकीत सीमा उमटते. चेंबरमध्ये धड फुगतं आणि बूड फुगत नाही, त्या सांध्यालाही हलकीशी पायरी दिसते. या दोन्ही निरुपद्रवी. धोक्याचं कडं बुडापासून साधारण ८ ते १२ मिलिमीटरवर असतं, बारीक, आजूबाजूपेक्षा उजळ, कधी त्यात केसासारखी काळी रेघ. त्याला पुंगळी तुटायची सुरुवात म्हणतात. पण बाहेर काही दिसायच्या पुष्कळ आधी आतून भिंत झिजलेली असते. म्हणून निकाल बाहेरून नव्हे, आतून लावायचा.

कागदांना लावतात ती जाड तारेची क्लिप सरळ कर. टोकाकडचे दोनतीन मिलिमीटर काटकोनात वाकव, आणि ते टोक कानसेनं घासून टोकदार कर. प्रायमर काढलेली पुंगळी डाव्या हातात उभी धर, तार तोंडातून आत घालून टोक थेट तळाला टेकव, मग भिंतीला हलका दाब देत सावकाश वर ओढ. तळ संपून भिंत सुरू होताना एक उतार लागेल, तो सगळ्यांतच असतो. त्याच्या वर तार सरळ, गुळगुळीत सरकायला हवी. सरकता सरकता टोक एखाद्या गल्लीत पडलं, पुढे जायला किंचित अडलं आणि मग सुटलं, तर ती खाच. पुंगळी थोडी फिरव आणि पुन्हा ओढ. खाच बरेचदा एकाच बाजूला खोल असते. आधी एखाद्या नव्या पुंगळीवर तार फिरवून बघ म्हणजे चांगलं कसं लागतं ते बोटांना कळेल. संशय आला तर पुढच्या फेरीला नाही, त्याच वेळी बाद.

आणि विश्वास बसत नसेल तर त्या कडं असलेल्या दोनचारांतली एक शिकंज्यात धर आणि हॅकसॉनं उभी चीर. काप कानसेनं साफ कर. बुडाकडून वर येणारी भिंत कडं आहे तिथे आतून कोरल्यासारखी पातळ झालेली दिसेल, बाहेरच्या चकचकीत रेघेच्या अगदी पाठीमागे. पुढच्या बाराला ती तिथेच तुटते. बूड बोल्टसोबत मागे येतं, पुढची नळी चेंबरमध्ये अडकून राहते, आणि मधल्या फटीतून दाबाखालचा वायू रायफलीच्या अंगात शिरतो. रायफल धड असेल, वायूला बाहेर पडायला भोकं असतील, तर नुसती अडकलेली नळी काढायचा ताप. नसेल तर तोंड रायफलीच्या अगदी जवळ असतं. चष्मा, नेमबाजीचा, न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटचा, प्रत्येक बाराला. हरणामागे डोंगर चढतानाही.

हे कडं पडतं कशामुळे? बोल्टचं तोंड आणि चेंबरचा खांदा यांच्यात पुंगळीला मागे-पुढे सरकायला जेवढी जागा जास्त, तेवढं बूड मागे जास्त ओढलं जातं. जुन्या .३०३ ली-एन्फील्डच्या पुंगळ्या यासाठी बदनाम, कारण त्यांची चेंबरं मुद्दाम ऐसपैस ठेवलेली, चिखलातही काडतूस बसावं म्हणून. पण रायफल निर्दोष असूनही रीलोडर स्वतः ही जागा तयार करतो. साचा पुस्तकाप्रमाणे शेलहोल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या खोबणीला) टेकेपर्यंत खाली आणला की खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला जातो. बार उडतो, खांदा पुढे जातो, साच्यात परत मागे, पुन्हा पुढे. प्रत्येक फेरीला बुडाजवळचं पितळ थोडं थोडं पुढे वाहतं.

म्हणून त्या पुंगळ्या फेकायच्या आधी विचार कर: कडं त्या म्हाताऱ्याच्या रायफलीनं पाडलं की त्याच्या साच्यानं? ते तुला कळणार नाही, पण बाकीच्यांचं काय करायचं ते कळेल. ज्या शिक्क्याच्या गटात कडं सापडलं त्या गटातल्या सगळ्यांवर तार फिरव. एकाच गटात चारपाच निघाल्या तर तो अख्खा गट भंगारात, तार काही म्हणो. त्या सगळ्या तितक्याच वेळा, त्याच रायफलीत, त्याच साच्यातून गेलेल्या असणार. फक्त दुसऱ्यांची खाच अजून बोटाला लागण्याइतकी खोल झालेली नाही. दोनशे पुंगळ्यांची बादली घेऊन शंभर हाती लागल्या तर सौदा वाईट झाला असं समजू नकोस, जुन्या बादल्यांचं असंच असतं.

उरलेल्यांची लांबी मोज, साच्यातून काढल्यानंतर, आधी नव्हे. .३०८ ची कमाल लांबी ५१.१८ मिमी, कापून ५०.९३ वर आणतात. पितळ पुढे वाहतं म्हणून मान लांबते. लांबलेली मान चेंबरच्या टोकाला अडकून गोळीला आवळते, आणि दाब एकदम चढतो. साधा डिजिटल व्हर्नियर पुरे. आणि एक गोष्ट जोडून बघ: ज्या गटातल्या पुंगळ्या खूप लांबलेल्या निघतात त्याच गटात खाचही सापडते. मान लांबायला पितळ कुठून तरी आलेलं असतं.

तुझ्या स्वतःच्या रायफलीत पुढे असं होऊ नये म्हणून खांद्याचं अंतर मोजायचा कम्पॅरेटर घे. तुझ्या चेंबरमध्ये उडालेली पुंगळी मोज, आणि साचा असा लाव की खांदा त्यापेक्षा फक्त ०.०५ मिमीच्या आसपास मागे जाईल. बोल्ट रायफलीला तेवढं पुरतं. बादलीतल्या पुंगळ्या मात्र पहिल्या फेरीला पूर्ण साच्यातून काढाव्या लागतील, त्या दुसऱ्याच्या चेंबरच्या मापाच्या आहेत. साच्यातून काढल्यावर प्रत्येक रिकामी पुंगळी तुझ्या रायफलीत घालून बोल्ट बंद होतो का ते बघ. पहिल्या बारानंतर मात्र तीच तार, तोच उजेड, पुन्हा सगळ्यांवरून. कुठल्या चेंबरमधून आल्या माहीत नाही अशा पुंगळ्यांची खरी परीक्षा तेव्हाच होते.

बाद झालेल्या पुंगळ्या पक्कडीनं तोंड चेपून वेगळ्या डब्यात टाक. नाहीतर महिन्याभरानं तूच त्या पुन्हा चांगल्यात मिसळशील. भंगारवाला पितळ वजनावर घेतो, पण आत जिवंत प्रायमर नाही ना हे आधी बघ. आणि प्रत्येक गटाच्या डब्यावर चिठ्ठी चिकटव: शिक्का, तारीख, किती वेळा भरली, कधी कापली, कधी तापवली. म्हाताऱ्यानं तेवढी चिठ्ठी बादलीवर लावली असती तर तुझा अर्धा त्रास वाचला असता.

कडं असलेल्या चिरून झाल्या की कापाचा फोटो पाठव. जवळून काढ, पाठीमागून उजेड ठेव.